वैशाली व्हॉइस

जर्मनीतल्या एका शहरात काही लोकांची अशी समजूत आहे की मी गाते. माझ्या आवाजाबद्दल त्यांनी इंटरनेटवर बरंच लिहून ठेवलं आहे. एकाला तो केळीच्या पानावरून घरंगळणाऱ्या पाण्यासारखा वाटला. मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि आरतीच्या वेळी नुसते ओठ हलवते. गैरसमजाचं कारण साधं आहे. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी कॅसेटची कंपनी काढली आणि तिला नाव दिलं ‘वैशाली व्हॉइस’. वैशाली मी. तेव्हा मी पाळण्यात होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नंदकुमार महाजन. बुऱ्हाणपुरातल्याच लालबागेत त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, वर घर. त्या काळी ते लग्नाला लाउडस्पीकरही भाड्याने देत. लग्नातली पोरं डिस्को मागू लागली, तेव्हा डिस्को म्हणजे नक्की काय हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. नानांनी निरीक्षणावरून व्याख्या ठरवली: जे वाजल्यावर नवरदेवाचे मित्र खाली बसत नाहीत ते. ते स्वतः कधी नाचले नाहीत. वरातीत ते अँप्लिफायरच्या वायरी कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून त्या हातात धरून चालत. त्यांची आवड भजनाची.

रेकॉर्डिंग वरच्या मागच्या खोलीत व्हायचं. त्या खोलीची भिंत आणि अन्सारीचाचांच्या पॉवरलूमच्या कारखान्याची भिंत एकच. माग सकाळी सुरू झाले की आमच्या घरातली भांडी मांडणीवर हळूहळू पुढे सरकत. नानांनी भिंतींना गोधड्या टांगल्या, गोधड्यांमागे जिनिंगमधून आणलेली सरकीची पोती रचली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. उपयोग झाला नाही. कॅसेटवर गाण्याच्या खाली ती खटखट येतच राहिली. खंडव्याच्या एका ऑर्केस्ट्रातली गायिका एकदा आली, जिन्यातच थांबून तिने कारखाना ऐकला आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. त्या दिवशी चहा घेऊन वर आलेल्या माझ्या आईला नानांनी माइकसमोर उभं केलं. आईचं नाव लीला. ती धुरपदाबाईंच्या भजनी मंडळात जायची आणि गल्लीत तिच्या आवाजाचं नाव होतं.

पण डिस्कोच्या कॅसेटवर सुनेचं नाव छापणं शक्य नव्हतं. आजोबा खाली दुकानात बसत. म्हणून कॅसेटवर छापलं गेलं ‘मिस लिली’. आजोबा दिवसभर मिस लिलीला नावं ठेवत आणि तिने केलेला चहा पीत.

तिच्या गाण्यांत सगळ्यात चाललेलं म्हणजे ‘बस आली जसोंडीची, सीट पकड खिडकीची’. साइड ड्रम वाजवायला बँडपथकातला गोटू असायचा, आणि एक उसना आणलेला कॅसिओ कीबोर्ड. कॅसेटी बसस्टँडवर विकल्या जात, पण खऱ्या पसरल्या त्या केळीच्या ट्रकांमुळे. ट्रक दिल्लीपर्यंत जायचे. ड्रायव्हर म्हणत, ह्या गाण्याने झोप येत नाही. पुढे आसपासच्या दोन-तीन कंपन्यांनी नानांची नक्कल सुरू केली. त्यातल्या एकीने तर मागाची शेड भाड्याने घेऊन आत गायिका उभी केली. नानांना वाटलं ती आपली टिंगल करते आहे. ते त्या मालकाशी पुन्हा बोलले नाहीत.

शुक्रवारी कारखाना बंद असायचा. चाचा आणि त्यांचे कारागीर जुम्म्याला जायचे, माग थांबायचे, आणि आठवड्यात एकदा आमच्या घरात आवाज न चढवता बोलता यायचं. ती शांतता नाना डिस्कोवर वाया घालवत नसत. शुक्रवारी ते आईची भजनं रेकॉर्ड करत, टाळसुद्धा रुमालात गुंडाळून. गोटूला त्या दिवशी सुट्टी. डिस्को चालला की ह्या भजनांची कॅसेट तुझ्या नावाने काढू, असा त्यांनी आईला शब्द दिला होता. डिस्को चालला. मग पुढचा डिस्को काढायची घाई झाली. मग सीडी आल्या, मग सीडीही गेल्या, आणि नाना होल्डर, पंखे आणि ट्यूबलाइटकडे परत आले. भजनांच्या टेपा लोखंडी पेटीत राहिल्या. सत्तरी ओलांडल्यावर तो शब्द नानांना बोचायला लागला. कधीही, जेवतानासुद्धा, ते म्हणत की ह्या बाईची भजनं राहून गेली. आई म्हणायची, भाजी घ्या.

गेल्या हिवाळ्यात हर्षलचा फोन आला. मूळ पुण्याचा मुलगा, नोकरी जर्मनीतल्या एका कंपनीत. विस्मरणात गेलेलं संगीत शोधून त्याच्या काळ्या तबकड्या काढायच्या, हा त्या कंपनीचा धंदा. दिल्लीच्या भंगार बाजारात त्यांना ‘वैशाली व्हॉइस’ची कॅसेट मिळाली होती. तिथल्या क्लबांत आता रात्री लोक हात वर करून ‘जसोंडी, जसोंडी’ ओरडतात, असं त्याने सांगितलं. जसोंडी आमच्याजवळचं गाव आहे. तिथे हे कोणाला माहीत नाही.

तबकडी हा शब्द ऐकल्यापासून नाना बदलले. त्यांचं एक जुनं मत होतं: कॅसेट कोणीही काढतो, खरी कंपनी ती जी तबकडी काढते. त्यांनी शर्ट इस्त्रीला टाकला, मागची खोली झाडून घेतली, आणि मला न सांगता एक गोष्ट केली, ती पुढे येईल.

हर्षल गुरुवारी सकाळी आला. कानात बाळी, पाठीवर मोठी बॅग. नानांच्या पाया पडला, आईला काकू म्हणाला. नानांनी हाक मारली, “वैशाली, चहा टाक.” हर्षलने माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही, स्वयंपाकघरातून आईने ओ दिली. तो गोंधळला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मी झाल्यापासून आईही वैशालीच आहे. कोणाला बोलावलं ते आम्हाला सुरावरून कळतं.

त्याने फोनवर जसोंडीचं गाणं लावलं आणि डोळे मिटून थोडं ऐकल्यावर विचारलं, “सर, हा बीट कोणत्या मशीनवर केलात?”

“कोणता बीट?”

“हा खालचा. सगळीकडे हाच शोधतायत लोक. कोणालाच सापडला नाही.”

नाना कानापर्यंत लाल झाले. ते शेजारचं आहे, म्हणाले, तेव्हा इलाज नव्हता. “पण तुम्ही काळजी करू नका. आमचा पुतण्या रितेश आहे ना, तो कॉम्प्युटरवर सगळं साफ करून देणार आहे. मी त्याला बोलून ठेवलंय. एक गाणं तर करूनही दिलं त्याने. एकदम क्लीन.” आणि त्यांनी अभिमानाने पेन ड्राइव्ह पुढे केला.

हर्षलने ते गाणं ऐकलं. खटखट गेली होती, आणि तिच्याबरोबर गाण्यातलं बाकीचंही बरंच काही. उरला होता एक बारीक कॅसिओ, आणि लांबून कोणालातरी हाका मारणारी एक बाई. त्याने कप खाली ठेवला.

“सर, मूळ टेपा आहेत ना? त्यांना हात नाही ना लावला?”

मूळ टेपा पेटीत होत्या. त्याचा श्वास सुटल्याचा आवाज मी ऐकला. मी उठून खिडकी उघडली. चाचांचे माग अजून तेच आहेत, चालवतो आता त्यांचा मुलगा. आवाज आत आला. हर्षल खिडकीशी बराच वेळ उभा राहिला.

मी त्याला एवढंच सांगितलं की साध्या मागाचे ठोके मिनिटाला सव्वाशेच्या आसपास पडतात आणि डिस्कोचेही तितकेच. एकाच भिंतीवर टांगलेली लंबकाची दोन घड्याळं काही वेळाने एका तालात येतात. गोटूचं तसंच झालं असावं. त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून तो मागाबरोबर वाजवत गेला. हर्षलने हे लिहून घेतलं. नाना माझ्याकडे, मी घरातली चोरी सांगितल्यासारखे बघत होते.

मग त्याने संमतीचे कागद काढले. एक नानांसाठी आणि एक गायिकेसाठी. मिस लिली कुठे असतात, त्याने विचारलं.

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. “त्या आता नाहीत.”

आई त्या क्षणी हर्षलच्या ताटलीत मावा जिलेबी वाढत होती. तिचा हात थांबला. मग तिने आणखी एक वाढली.

हर्षलला वाईट वाटलं. त्यांच्या घरचं कोणी आहे का, त्याने हळू विचारलं. नाना म्हणाले, आहेत, चांगली माणसं आहेत, मी बोलतो त्यांच्याशी.

तो लॉजवर गेल्यावर मी नानांना म्हटलं, हे काय केलंत. ते म्हणाले, मग काय सांगू, धुरपदाबाई समोरच्या घरात राहतात. मी आठवण करून दिली की आजोबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मिस लिलीला नावं ठेवणारं आता कोणी उरलेलं नाही. त्यांचं म्हणणं पडलं की अब्रूला तारीख नसते. आणि तिची भजनं तिच्या खऱ्या नावाने तबकडीवर येतीलच, मी तीच अट घालणार आहे, मग लिली राहिली काय नि गेली काय. आई मालिका बघत होती. तिने आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हर्षल रेकॉर्डिंगचं सामान घेऊन मागांचा आवाज भरायला आला, तर गल्ली शांत. आज जुम्मा आहे, उद्या या, असं त्याला कारखान्याच्या दारातल्या माणसाने सांगितलं. इतक्या लांबून खटखट ऐकायला आलेला मुलगा आमच्या खोलीत त्या शांततेत बसला, आणि नानांनी त्याच्यासमोर पेटी उघडली.

त्यांनी शुक्रवारची टेप लावली. मी ती कित्येक वर्षांनी ऐकत होते. रेकॉर्डिंग खरोखरच निर्दोष होतं. आईचा श्वास ऐकू येत होता, टाळाच्या आवाजाला काठ होते, एका भजनाच्या शेवटी दूर कुठेतरी सायकलची घंटी. हर्षलने एक पूर्ण बाजू ऐकली. कोणाच्या आहेत ह्या, त्याने विचारलं. आमच्या घरातल्या, नाना म्हणाले.

“सुंदर आहे, सर. पण कंपनी हे नाही घेणार.”

नानांनी कारण विचारलं. हर्षलने शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं की असं चांगलं भजन सगळीकडे मिळतं. ह्यात बुऱ्हाणपूर ऐकू येत नाही. मग त्याला एक उपाय सुचला आणि त्याचा चेहरा उजळला. भजनांच्या खाली मागाचा आवाज टाकता येईल. उद्या भरूनच घेणार आहे.

नानांनी टेप बंद केली. “एका बाजूला डिस्को, दुसऱ्या बाजूला भजनं. जशी आहेत तशी. नाहीतर काहीच नको.”

हर्षल गॅलरीत जाऊन फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलला. परत आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही. नाना टेपा एकेक करून पेटीत ठेवायला लागले. डिस्कोच्याही. कव्हरवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत ठेवत होते. इस्त्रीचा शर्ट होता. तबकडी हे त्यांचं तरुणपणापासूनचं एकच हट्टाचं स्वप्न होतं, आणि बायकोला दिलेल्या शब्दासाठी ते त्यांनी माझ्यासमोर पेटीत घालून कडी लावली. मला त्यांचं कौतुक वाटलं. ते फार टिकलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत आत आली आणि पेटीवर बसली. शुक्रवार असल्यामुळे ती हळूच बोलली.

“भजनं काढा असं मी कधी म्हटलं होतं?”

“तू कशाला म्हणशील? शब्द मी दिला होता.”

“तुम्ही दिला. मी घेतला का? भजनं आम्ही मंडळात दहा-बारा जणी म्हणतो. मी नाही गेले तरी काही अडत नाही. बस मात्र मी एकटीने म्हटली. ह्या भिंतीच्या वर आवाज काढून म्हटली, दुसऱ्या दिवशी घसा बसायचा. आणि नाव कोणाचं लागलं? लिलीचं.” ती हर्षलकडे वळली. “तीही काल मेली.”

हर्षल आईकडे, मग माझ्याकडे, मग कालच्या ताटलीच्या जागेकडे पाहू लागला. “काकू, म्हणजे तुम्ही…”

“मीच. चहा पी, गार होऊन राहिला.”

नाना दुखावले होते. इतकी मोठी गोष्ट सोडल्यावर त्यांना दुसरं काहीतरी ऐकायची अपेक्षा असावी. “नाव नाही दिलं कसं म्हणतेस? कंपनीला नाव कोणाचं दिलं?”

“वैशालीचं.”

“आणि मी घरात वैशाली कोणाला म्हणतो?”

नाना आता भिंतीशी बोलत असल्यासारखे म्हणाले, “व्हॉइस म्हणजे आवाज. आवाज कोणाचा होता? पोरगी तर पाळण्यात रडत होती, तिच्या आवाजाची कोण कंपनी काढेल?”

चाळीस वर्षं मी ती कंपनी माझ्या नावाची समजत होते. शाळेत मैत्रिणींना कॅसेट दाखवून फुशारकी मारली होती. नानांचा युक्तिवाद मी मनात तपासून पाहिला, त्यात चूक सापडली नाही.

“हे मला कसं कळायचं?” आई म्हणाली.

“आता सांगितलं ना.”

“चाळीस वर्षांनी.”

“तू विचारलं नाहीस.”

आईने हर्षलच्या हातातला कागद घेतला. भजनं पेटीतच राहू दे, म्हणाली, पण डिस्कोवर नाव लागेल तर सही करते. मिस लिली नाही, वैशाली नाही. “लीला लिही. मराठीत.”

“लीला नंदकुमार महाजन?”

“नुसतं लीला. बाकीचं सगळं दुकानाच्या पाटीवर आहे.”

नानांनी एकदाच विचारलं, मंडळाचं काय. मंडळाचं मी बघते, आई म्हणाली, आणि त्यांना ती पुन्हा उघडता यावी म्हणून पेटीवरून उठली.

शनिवारी हर्षलने दिवसभर कारखान्यात बसून मागांचा आवाज भरला. चाचांच्या मुलाने त्याला दोनदा विचारलं की बाबा, कपडा पण आहे, तो नाही का पाहिजे?

मे महिन्यात तबकडीचं पार्सल आलं. वाजवायचं यंत्र आमच्याकडे नाही, ओळखीत कोणाकडेच नाही. ती आम्ही नुसती बघितली. मधल्या कागदावर देवनागरीत ‘लीला’ आणि खाली बारीक ‘वैशाली व्हॉइस, बुऱ्हाणपूर’. तिरक्या उजेडात धरली की काळ्या पृष्ठभागावर मधून कडेपर्यंत गेलेले, किंचित वाकलेले पट्टे दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारखे. आईने ते काय आहे विचारलं. ठोका जोरात असतो तिथे रेघ जास्त हलते, आणि ठोके सारख्या अंतराने पडत असले की त्या जागा एकाखाली एक येतात, मी सांगितलं. तो अन्सारीचाचांचा कारखाना आहे. तिने त्यावरून बोट फिरवलं.

मागच्या बाजूला इंग्रजीत मजकूर होता. मी नानांना भाषांतर करून दाखवलं: श्री. महाजन यांनी कारखान्याचा आवाज धाडसाने संगीतात आणला. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. आता ते गिऱ्हाइकांना सांगतात की तेव्हा खिडकी आपण मुद्दाम उघडी ठेवायचो.

धुरपदाबाईंना सांगायला आई स्वतः तबकडी घेऊन समोर गेली आणि लगेच परत आली. मंडळाला पहिल्या कॅसेटपासून माहीत होतं. लीलाला अवघडल्यासारखं होईल म्हणून त्यांनी आपसात ठरवून विषय काढला नव्हता.

नाना तबकडी देवघरात ठेवणार होते. आईने दुकानात लावायला लावली. मध्ये भोक आहेच, त्यामुळे ती पंख्याच्या कपॅसिटरांच्या शेजारी खिळ्याला टांगली गेली. परवा एका माणसाने विचारलं की हा कशाचा पार्ट आहे. मी गल्ल्यापाशी पेपर तपासत होते. नानांनी होल्डर पुसता पुसता खाली बघूनच उत्तर दिलं.

“लीलाची आहे.”

त्या माणसाने मान हलवली आणि दहा वॅटचे बल्ब मागितले. नानांनी बल्ब लावून दाखवले, बांधून दिले. मग थोड्या वेळाने जिन्याकडे तोंड करून नेहमीसारखी हाक मारली, वैशाली, चहा टाक. वरून उत्तर आलं नाही. त्या हाकेला आई आता ओ देत नाही. दुसऱ्या नावाने वरपर्यंत हाक मारणं नानांना अजून जमलेलं नाही.

त्यामुळे चहा मला करावा लागतो.